नोकरी सोडून एमओटीएच करावे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरात बीओटीएच, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीची (ओटी: आजार किंवा अपंगत्व असतानाही रोजची कामे करता यावीत यासाठीचे उपचार) पदवी, आणि इंटर्नशिप पूर्ण करून तुम्ही गेली दोन वर्षे कोथरूडमधील एका बालविकास केंद्रात काम करत आहात. आता एमओटीएच ही त्याच विषयातली पदव्युत्तर पदवी घ्यावी असे वाटते, पण त्यासाठी नोकरी सोडावी लागेल. घरचे म्हणतात की, पुढे पुन्हा मुलांबरोबरच काम करायचे असेल तर दोन वर्षांचा पगार बुडवण्यात अर्थ काय. मैत्रिणी परदेशाची वाट दाखवतात. शाखा बालरोगाची घ्यावी की मज्जासंस्थेच्या आजारांची, हे ठरत नाही आणि संख्याशास्त्राची धास्ती वाटते. हे सगळे मांडून झाल्यावर तुम्ही जाता जाता एक ओळ लिहिली आहे: ‘केंद्रात जवळपास सगळ्याच मुलांना आम्ही तेच ते उपचार देतो आणि ते का देतो असे एखाद्या पालकाने विचारले की माझी पंचाईत होते.’ माझ्या मते तुमचा खरा प्रश्न या ओळीत आहे. बाकीच्यांची उत्तरे बऱ्याच अंशी त्यावरूनच ठरतील.

मी पुण्यात बरीच वर्षे पक्षाघाताच्या आणि हाताच्या दुखापतींच्या रुग्णांबरोबर काम करते आणि पुण्याबाहेरच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत डोकावण्याची संधी मला अनेकदा मिळालेली आहे. बालविकास हे माझे रोजचे क्षेत्र नाही, त्यामुळे त्याबद्दल मी जे लिहीन ते तुमच्या वरिष्ठांशी पडताळून पाहावे. घरची आर्थिक स्थिती, कर्ज काढण्याची तयारी, दोन वर्षे पुण्याबाहेर राहता येणे आणि पुढे शिकवण्याची इच्छा असणे किंवा नसणे, या चार गोष्टी तुम्हालाच माहीत आहेत आणि त्या बदलल्या तर माझे उत्तरही बदलेल.

आधी व्यवहाराचे बोलू. पदव्युत्तर पदवी मिळाली म्हणून पुण्यातल्या खासगी केंद्रात पगार आपोआप वाढतो, असा माझा अनुभव नाही. पालक पदवी विचारत नाहीत, ते आधीच्या पालकांना विचारतात. महाविद्यालयात शिकवायचे असेल, पुढे पीएचडी करायची असेल किंवा मोठ्या रुग्णालयाच्या विभागात वरिष्ठ पदावर जायचे असेल, तर मात्र एमओटीएचला पर्याय नाही. या तिन्हींपैकी काहीच नको असेल आणि केवळ नावापुढे दोन अक्षरे वाढावीत एवढाच हेतू असेल, तर घरच्यांचे म्हणणे खोडून काढणे मलाही जड जाईल.

परंतु तुम्हाला पालकांसमोर पंचाईत होते हे स्वतःच्या लक्षात आलेले आहे आणि ही गोष्ट मी फार महत्त्वाची मानते. या अडचणीवर आपल्या क्षेत्रात सर्रास सुचवला जाणारा उपाय म्हणजे काही दिवसांचे किंवा काही आठवड्यांचे प्रमाणपत्र अभ्यासक्रम: संवेदी एकात्मतेचा (झोपाळा, स्पर्श, तोल यांच्या अनुभवांतून संवेदनांची सांगड घालायला शिकवण्याचा) एक, एनडीटीचा (मुलाला हातांनी आधार देत त्याच्या हालचालींना वळण लावण्याचा) एक, हस्ताक्षराचा एक. ते वाईट नसतात आणि त्यांतून हाताला वळण लागते. पण असा प्रत्येक अभ्यासक्रम एकच तंत्र शिकवतो आणि ते शिकवणाऱ्याचा त्या तंत्रावर विश्वास असणे स्वाभाविक असते. दोन तंत्रांतून निवड कशी करायची, आणि हाती असलेले एखादे तंत्र सोडून कधी द्यायचे, हे तिथे कोणी शिकवत नाही. ते शिकण्याची जागा पदव्युत्तर शिक्षण ही आहे, निदान ती असायला हवी.

एक उदाहरण देते. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातील इओना नोवाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेरेब्रल पाल्सीवरील (लहानपणीच मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर परिणाम होणारी स्थिती) उपचारांच्या पुराव्यांचा मोठा आढावा प्रसिद्ध केला आणि प्रत्येक उपचाराला वाहतुकीच्या दिव्यांप्रमाणे हिरवा, पिवळा किंवा लाल रंग दिला. दोन्ही हातांचा एकत्रित सराव, चांगला हात बांधून अशक्त हात वापरायला लावणारा उपचार, ठरवलेल्या उद्दिष्टावर थेट केलेला सराव आणि नीट आखलेला घरचा कार्यक्रम यांना हिरवा रंग मिळाला. आपल्याकडच्या कितीतरी केंद्रांत दिवसभर चालणारे एनडीटी लाल रंगात गेले. या वर्गवारीवर वाद झाले आणि ते अजून पूर्ण मिटलेले नाहीत. समजा, एखाद्या मुलाच्या आईने हा आढावा मोबाईलवर वाचला आणि तुमच्यासमोर धरला, तर तुम्ही काय म्हणाल? ‘आमच्याकडे असेच करतात’ हे उत्तर होत नाही आणि ‘मग आजपासून बंद’ हेही होत नाही. त्या आढाव्यात कोणते अभ्यास घेतले होते, त्यांतली मुले किती वयाची आणि किती तीव्रतेची होती, मोजले काय होते आणि माझ्यासमोरचे हे मूल त्यांच्यात बसते का, एवढे पाहून शांतपणे बोलता आले, तर पदव्युत्तर शिक्षणाचे पैसे वसूल झाले असे मी म्हणेन.

आता ‘आत्ता की नंतर’ याविषयी. दोन वर्षांचा अनुभव ही माझ्या मते उत्तम वेळ आहे. इंटर्नशिप संपताच थेट प्रवेश घेणारी मुले हुशार असतात, पण त्यांना प्रबंधाचा विषय बहुधा मार्गदर्शकांच्या कपाटातून काढून द्यावा लागतो, कारण त्यांची स्वतःची अशी तक्रार अजून तयार झालेली नसते. तुमची झालेली आहे. फार उशीर करण्याचा धोका वेगळा असतो. सहा-सात वर्षांनी हाताला इतकी सवय होते की शंका येणेच बंद होते. पगारही तोवर एवढा झालेला असतो की विद्यावेतनावर दोन वर्षे काढणे घरात कोणालाच पटत नाही.

नोकरी सांभाळून हे जमेल का, याचे उत्तर सरळ नाही असे आहे. अभ्यासक्रम बहुतेक विद्यापीठांत दोन वर्षांचा आणि पूर्णवेळ असतो. सकाळची ओपीडी, वॉर्ड, आठवड्याला सेमिनार किंवा जर्नल क्लब, केस प्रेझेंटेशन, शिवाय बीओटीएचच्या मुलांना शिकवण्याची जबाबदारी, असा तो दिवस असतो. पुण्यात राहून मुंबईचे महाविद्यालय करू, डेक्कन क्वीनचा पास काढू, असे म्हणणारे दरवर्षी कोणीतरी भेटतेच. त्यांना मी पावसाळ्यात एकदा घाटातून जाऊन येण्याचा सल्ला देते. संध्याकाळी घरी जाऊन एखाद-दोन मुले पाहण्याची मुभा मिळते का, हे संस्थेच्या नियमांवर अवलंबून असते. प्रवेशाआधीच ते लेखी विचारून घ्यावे.

कुठे जायचे, हा भाग मी सविस्तर लिहिते, कारण इथे मुले नाव पाहून निवड करतात आणि विभाग पाहत नाहीत. पुण्यात फिजिओथेरपीची महाविद्यालये मुबलक आहेत, पण ओटीसाठी इथली मुले आजवर प्रामुख्याने मुंबई किंवा नागपूर गाठत आली आहेत. देशातले पहिले प्रशिक्षण १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांच्या पुढाकाराने सुरू झाले. त्यामुळे मुंबईच्या महापालिका रुग्णालयांतील विभागांना, म्हणजे केईएमबरोबरच सायन आणि नायरलाही, रुग्णांची आणि कामाची जुनी परंपरा आहे. हाजी अलीची केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आणि तुमचे नागपूरचे शासकीय महाविद्यालय हेही पर्याय आहेत. राज्यातील या जागा नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेत येतात आणि प्रवेश राज्याच्या सीईटी कक्षाच्या परीक्षेतून होतो. राज्याबाहेर वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज, मणिपाल, कटकजवळची स्वामी विवेकानंद संस्था आणि कोलकात्याची अस्थिव्यंगांसाठीची राष्ट्रीय संस्था आहेत. त्यांच्या प्रवेशपद्धती वेगळ्या आहेत. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांसाठीच्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्यानंतर या अभ्यासक्रमांचे नियम नव्याने आखले जात आहेत, तेव्हा कालावधी, पात्रता आणि शुल्क यांबाबत मागच्या वर्षीच्या मैत्रिणीवर विसंबू नका. त्या वर्षीचे माहितीपत्रकच पाहा.

विभाग पाहायचा म्हणजे काय? परवानगी घेऊन एक पूर्ण सकाळ त्या ओपीडीत बसा. बहुतेक विभागांत एडीएल रूम, म्हणजे रोजच्या कामांच्या सरावाची खोली, असते, तिथे ओटा, गॅसची शेगडी, भांडी, कधी कमोड आणि पलंग मांडलेला असतो. ती खोली उघडी आहे की किल्ली शोधावी लागते, शेगडीवर चहाचे डाग आहेत की धूळ, हे पाहा. स्प्लिंट (हाताला आधार देणारा साचा) बनवण्याच्या टेबलाखालच्या टोपलीत थर्मोप्लास्टिकचे कपटे पडलेले आहेत का, तेही पाहा. मागच्या दोन-तीन बॅचच्या प्रबंधांची नुसती शीर्षके चाळली तरी मार्गदर्शकांच्या डोक्यात काय चालू आहे ते कळते. सगळेच प्रबंध ‘अमुक व्यायामाचा तमुक आजारावरील परिणाम’ या एकाच साच्यातले असतील तर सावध व्हावे. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीबरोबर कॅन्टीनमध्ये चहा घ्या आणि मार्गदर्शक सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) किती दिवसांत वाचून परत देतात एवढेच विचारा. त्या उत्तराने संकेतस्थळावरच्या सगळ्या छायाचित्रांपेक्षा जास्त माहिती मिळते.

शाखेबद्दल माझे मत स्पष्ट आहे, पण ते मतच आहे. तुम्ही कोथरूडच्या केंद्रात प्रामुख्याने ऑटिझम, एडीएचडी आणि अध्ययन अक्षमता असलेली, मोटारीने येणारी, दोन्ही पालक शिकलेले असलेली मुले पाहिली असणार. महापालिकेच्या किंवा सरकारी रुग्णालयात जन्मावेळी खांद्याच्या नसा ताणलेले बाळ येते, भाजून कोपर आखडलेले मूल येते, आणि सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला कडेवर घेऊन दोन गाड्या बदलून आलेली आईही येते. तिला आठवड्यातून तीन सेशन सांगण्यात काही अर्थ नसतो. बालरोगच आवडत असेल तर बालरोगच घ्या, फक्त अशा ठिकाणी घ्या. मज्जासंस्थेची शाखा केवळ ‘व्याप्ती मोठी’ म्हणून घेऊ नये. मानसिक आरोग्याची शाखा तुमच्या यादीतच नाही याचे मला आश्चर्य वाटत नाही, पण वाईट वाटते. येरवड्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय ज्या शहरात आहे, तिथल्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाला घरी परतल्यावर दिवसभर काय करायचे हे सांगणारे ओटी किती आहेत, याचा विचार एकदा जरूर करा.

यानंतर प्रबंध, म्हणजे तुमची धास्ती. प्रबंधाचा विषय ग्रंथालयात बसून सुचत नाही, तो रुग्णासमोर अडल्यावर सुचतो. माझ्याकडे हवेली तालुक्यातील एक साठीच्या बाई येत असत. पक्षाघाताने डावी बाजू गेली होती आणि ती बरीचशी परत आली होती. रोजच्या कामांतले स्वावलंबन मोजणाऱ्या बार्थेल निर्देशांकाचे दहाही प्रश्न विचारून झाले: जेवण, आंघोळ, तोंड धुणे, कपडे, मलमूत्राचे नियंत्रण, शौचालय, पलंगावरून खुर्चीवर जाणे, चालणे, जिने. गुण शंभरपैकी शंभर. कागदावर बाई पूर्ण स्वावलंबी होत्या आणि समोर बसून रडत होत्या, कारण त्यांना जमिनीवर बसता-उठता येत नव्हते. देवपूजा पाटावर, भाकरी जमिनीवर बसून, जेवणाची पंगत जमिनीवर, आणि नातसुद्धा खालीच खेळणार. त्या मापनश्रेणीत जमीनच नव्हती. आम्ही एका भक्कम स्टुलाच्या आधाराने गुडघ्यावर येण्याचा आणि तिथून उठण्याचा सराव सुरू केला. परातीखाली ओले फडके घालून ती घसरणार नाही अशी सोय मी करत होते, तेवढ्यात बाईंनी स्वतःच परात भिंतीला टेकवली आणि पायाच्या अंगठ्याने तिची कड दाबून धरली. डावा हात पिठावर नुसता वजन म्हणून ठेवला आणि उजव्याने मळायला घेतले. त्यांच्या या युक्तीला कोणत्याही चाचणीत गुण नाहीत.

या एका प्रसंगातून निदान तीन प्रबंध निघू शकतात. जमिनीवरील हालचालींसाठी छोटी मापनश्रेणी तयार करून दोन तपासनिसांच्या गुणांत मेळ बसतो का हे पाहणे, हा एक. बार्थेलमध्ये पूर्ण गुण मिळालेल्या रुग्णांना कॅनेडियन ऑक्युपेशनल परफॉर्मन्स मेझर या मुलाखतीवर आधारित मापनात स्वतःच्या अडचणी सांगायला लावून त्यांतल्या किती जमिनीशी निगडित आहेत हे नोंदवणे, हा दुसरा. उठण्या-बसण्याच्या सरावाचा परिणाम मोजणे, हा तिसरा. बहुतेक विद्यार्थी डोळे झाकून तिसरा घेतात, कारण ‘परिणाम’ हा शब्द भारदस्त वाटतो. आणि तिथेच गाडी अडते.

ती का अडते हे आकड्यांत सांगते, म्हणजे संख्याशास्त्राची भीतीही थोडी कमी होईल. समजा, तुम्हाला दोन गटांची तुलना करायची आहे आणि दोन्ही गटांच्या सरासरीतला फरक प्रमाण विचलनाच्या (गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत त्याचे माप) निम्मा असेल अशी अपेक्षा आहे. सार्थकता पातळी (नसलेला फरक आहे असे दिसण्याची शक्यता) ५ टक्के आणि अभ्यासाचे सामर्थ्य (असलेला फरक सापडण्याची शक्यता) ८० टक्के ठेवले, तर प्रत्येक गटात ६४, म्हणजे एकूण १२८ रुग्ण लागतात. फरक खूप मोठा, म्हणजे विचलनाच्या ०.८ पट असेल असे धरले, तर प्रत्येकी २६ पुरतात, पण आपल्या उपचारांनी एवढा मोठा फरक पडतो असे आधीच गृहीत धरणे धाडसाचे आहे. त्याच रुग्णांची उपचारापूर्वीची आणि नंतरची तुलना केली, तर निम्म्या विचलनाएवढ्या बदलासाठी ३४ जण पुरतात. मात्र पक्षाघातानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत रुग्ण उपचाराविनाही सुधारतो, तेव्हा तो बदल तुमच्या उपचाराचा होता हे सिद्ध होत नाही. सिनॉप्सिस मंजूर होऊन हाती उरणाऱ्या वर्ष-सव्वा वर्षात तुमच्या निकषांत बसणारे १२८ रुग्ण त्या ओपीडीत येणार आहेत का, हे रजिस्टर उघडून आधी मोजावे. येणार नसतील तर प्रश्न बदलावा. आकडे ओढूनताणून बसवू नयेत.

एवढ्यापुरते लागणारे संख्याशास्त्र फार नाही. बार्थेलसारखे गुण क्रमवाचक असतात, म्हणजे ते फक्त चढता क्रम दाखवतात, तेव्हा त्यांची सरासरी काढण्यापेक्षा मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा गुण) सांगणे योग्य. ‘पी’ची (प्रत्यक्षात फरक नसतानाही असा निकाल येण्याची शक्यता) किंमत ०.०५ पेक्षा कमी आली म्हणजे रुग्णाला फरक पडला असे होत नाही. कॅनेडियन मापनात साधारण दोन गुणांचा बदल रुग्णाच्या दृष्टीने अर्थपूर्ण मानला जातो, तेव्हा आकडेमोडीत सार्थ ठरलेला पाव गुणाचा बदल पालकाला दाखवून उपयोग नाही. विश्वासार्हतेचा गुणांक, म्हणजे दोन तपासनिसांच्या गुणांतल्या मेळाचे माप, ०.७५ च्या वर चांगला आणि ०.९ च्या वर उत्तम समजतात. बाकीचे करून द्यायला संख्याशास्त्रज्ञ असतात, फक्त त्यांच्याकडे माहिती गोळा करण्याआधी जायचे असते. गठ्ठा गोळा करून झाल्यावर गेलात, तर ते काय चुकले तेवढेच सांगू शकतात.

नियमांचे दोन मुद्दे. संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी मिळाल्याशिवाय एकाही रुग्णाची नोंद करू नये. उपचाराचा परिणाम तपासणारा अभ्यास असेल, तर पहिला रुग्ण घेण्याआधी तो भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत नोंदवावा लागतो. १ एप्रिल २०१८ पासून अभ्यास सुरू झाल्यानंतरची नोंदणी तिथे स्वीकारली जात नाही. नोंदणी विनामूल्य आहे, पण तिला वेळ लागतो. संमतीपत्राचे मराठी हा माझा जुना रागाचा विषय आहे. ‘सदर संशोधनात सहभागी होण्यास माझी ऐच्छिक सहमती आहे’ या वाक्यावर अंगठा देणाऱ्या माणसाला नेमके काय समजलेले असते? ‘तुम्ही नाही म्हणालात तरी तुमचे उपचार चालूच राहतील’ असे लिहिले की त्याला पुरेसे समजते. परदेशी चाचणी मराठीत आणायची असेल, तर हक्कधारकांची परवानगी, दोघांनी स्वतंत्रपणे केलेला अनुवाद, मूळ चाचणी न पाहिलेल्या व्यक्तीने केलेला उलट अनुवाद, तज्ज्ञांची समिती आणि थोड्या रुग्णांवर चाचपणी एवढे टप्पे पार करावे लागतात. हा विषय दुय्यम समजू नका, आपल्या भाषेत तपासण्यांची फार टंचाई आहे.

आता तुमच्या केंद्राकडे येते, कारण तुम्ही प्रवेशाची वाट न पाहता उद्यापासून काही करू शकता. तीन-चार मुले निवडा आणि प्रत्येकाच्या पालकांना घरातली एकच अडलेली गोष्ट विचारा. समजा, एक आई म्हणाली की शाळेत जाताना मुलगा बूट घालत नाही, रोज रडारड होते. त्याचे पाच पायऱ्यांचे उद्दिष्ट लिहा. आज आई दोन्ही बूट घालते आणि तो पाय आखडतो, हे उणे २. पाय पुढे करतो, हे उणे १. टाच आत ढकलून एक बूट घालतो, बंद आई लावते, हे शून्य, म्हणजे सहा आठवड्यांनंतरची अपेक्षा. दोन्ही बूट घालून एका पायाचा बंद लावतो, हे अधिक १. न सांगता दोन्ही बूट आणि दोन्ही बंद, हे अधिक २. ही उद्दिष्टपूर्तीची श्रेणी १९६० च्या दशकापासून वापरात आहे आणि तिच्यासाठी काही विकत घ्यावे लागत नाही. मग सरळ विचार करा की झोपाळ्यावरची वीस मिनिटे या बुटाच्या कामी कशी येणार आहेत. येत असतील तर कशी ते दोन वाक्यांत लिहा. लिहिता येत नसेल, तर ती वीस मिनिटे बूट घालण्यालाच द्या आणि काय होते ते पाहा. पुढच्या वेळी पालकाने ‘हे का करता’ असे विचारले, तर दाखवायला तुमच्याकडे कागद असेल. थोड्याच मुलांवर, प्रत्येकाची सुरुवातीची पातळी नीट मोजून आणि उपचार वेगवेगळ्या वेळी सुरू करून केलेले एकल-रुग्ण रचनेचे अभ्यास हा पदव्युत्तर प्रबंधासाठीही चांगला मार्ग आहे. दुर्मीळ स्थिती असलेल्या मुलांसाठी तर तो मला दोन गटांच्या तुलनेपेक्षा अधिक प्रामाणिक वाटतो. केंद्रातल्या या नोंदी मात्र पालकांच्या आणि केंद्राच्या संमतीशिवाय पुढे प्रबंधात वापरता येणार नाहीत, आणि मुलांची चलचित्रे तर मुळीच सोबत नेऊ नका.

प्रवेशपरीक्षेबद्दल फार लिहीत नाही. शरीररचना, शरीरक्रिया, हालचालीचे शास्त्र आणि ओटीचे सैद्धांतिक आराखडे यांवर नोकरी करणाऱ्यांची धूळ बसलेली असते. रोज सकाळी कामावर जाण्यापूर्वी तास-दीड तास दिला आणि मागच्या प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडवल्या, तर पाच-सहा महिने पुरतात.

परदेशाबाबत एकच घोटाळा टाळा. ब्रिटनसारख्या देशांत ओटीची दोन प्रकारची एमएससी असते. एक दुसऱ्या विषयाच्या पदवीधरांना ओटी बनवणारी, आणि दुसरी आधीच ओटी असलेल्यांसाठी पुढची. तुम्हाला पहिलीची गरज नाही, पण दलाल तीच सुचवू शकतो. दुसरी केल्याने तिथे काम करण्याचा परवाना मिळतो असे नाही. तो ब्रिटनमध्ये एचसीपीसी या नोंदणी करणाऱ्या परिषदेकडून आणि अमेरिकेत एनबीसीओटी या ओटींच्या राष्ट्रीय प्रमाणन मंडळाची पात्रता तपासणी, परीक्षा व त्या त्या राज्याचा परवाना या मार्गाने मिळतो. ओटींच्या जागतिक संघटनेच्या किमान निकषांनुसार पदवीत १००० तासांचे प्रत्यक्ष कार्यानुभव प्रशिक्षण अपेक्षित असते, तेव्हा बीओटीएचच्या पोस्टिंगचे आणि इंटर्नशिपचे तास शाखेनुसार दाखवणारा दाखला आणि अभ्यासक्रमाची प्रत नागपूरहून आत्ताच काढून ठेवा. दहा वर्षांनी तो कागद मिळवणे हे स्वतंत्र संशोधन होते. तिथेच स्थायिक व्हायचे पक्के असेल तर इथली दोन वर्षे घालवू नयेत. नक्की नसेल तर इथले शिक्षण आधी, हे माझे मत आहे, कारण महापालिका रुग्णालयात दिसणारे रुग्ण तिथे दिसणार नाहीत.

घरच्यांना पगाराचा हिशोब मांडून दाखवा: दोन वर्षांचा बुडणारा पगार, शुल्क, राहण्याचा खर्च, त्यातून वजा विद्यावेतन. विद्यावेतन प्रत्येक ठिकाणी मिळतेच असे नाही आणि सरकारी, महापालिका आणि खासगी संस्थांच्या शुल्कात मोठे अंतर असते, त्यामुळे हा हिशोब संस्थेगणिक वेगळा मांडावा. आकडा समोर आला की घरातली चर्चा सोपी होते, असे मी पाहिले आहे.

प्रवेश निश्चित होईपर्यंत राजीनामा देऊ नका, पण निश्चित झाल्यावर केंद्राला निदान महिनाभर आधी कळवा आणि ज्या मुलांना तुम्ही पाहता त्यांच्या पालकांना स्वतः सांगा. ऑटिझम असलेल्या मुलाला समोरचे माणूस एकाएकी बदलणे फार जड जाते. शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत तुमच्या जागी येणाऱ्या सहकाऱ्याला प्रत्येक सेशनमध्ये थोडा वेळ सोबत बसवा आणि प्रत्येक मुलाचे एक पानभर टिपण लिहून द्या: कोणते उद्दिष्ट चालू आहे, मूल कशाने बिथरते, कशाने शांत होते आणि घरी कोण सराव घेते.